ढवळूदादाची फुंकर

जव्हारच्या डेपोमागच्या आळीत कुणाचा फोन मुका झाला की पूर्वी एकच हाक जायची, "ढवळूला बोलवा." पुढे घरोघरचे फोन गेले, त्यांच्या जागी इंटरनेट आलं, खांब वाकले, कंपन्या बदलल्या, पण हाक तीच राहिली. ढवळूदादा छप्पन वर्षांचा, अंगाने काटक, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत पक्कड, चिकटपट्टी, तारेचं भेंडोळं आणि तळाशी कागदात बांधलेली अंगाऱ्याची पुडी. अंगारा गावदेवाचा. त्यावाचून तो खांबावर चढत नसे.

दाभोशाजवळच्या पाड्यावरचा हा माणूस. वीस-बावीस वर्षांचा असताना टेलिफोनच्या खांबांचे खड्डे खणायला रोजावर लागला. खड्डे खणता खणता तार ओढायला शिकला, तार ओढता ओढता ती जोडायला. शाळा चौथीपर्यंत, पण कुठल्या खांबावर कुठली तार कुणाच्या घरची, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई.

आणि त्याची फुंकर! ती तर साऱ्या आळीला ठाऊक. फोनमध्ये खरखर यायला लागली की ढवळूदादा यायचा, वायरीची पिन डब्यातून ओढून काढायचा, तोंडाजवळ नेऊन जोरात फुंकर मारायचा, सदऱ्याला पुसायचा आणि परत खोचायचा. असं तीनदा. दोनदा नाही, चारदा नाही. तिसऱ्या वेळी फोन कानाला लावला की आवाज कसा पाण्यासारखा स्वच्छ. त्यात जादू काही नव्हती. डोंगरातली ओल पिनेवर बसायची, काढ-घाल केली की घासून निघायची. पण पाड्यांवर भगत आजाऱ्याच्या कपाळावर फुंकर घालतो ना, तसंच ते दिसायचं. म्हणून कमूआजी त्याला "लायनीचा भगत" म्हणायची. तो हसायचा, पण आतून सुखावायचाही. माणसाला कुणीतरी कशात तरी गुणी म्हणावं, एवढीच तर आस असते.

या कमूआजीच्या घरीच ही गोष्ट घडली.

कमूआजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गेल्या वर्षी न्हाणीत पडली, कमरेचं हाड मोडलं. आता काठी धरून देवघरापर्यंत जाते, तेवढाच तिचा प्रवास. मुलगा हेमंत मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मागे सून हर्षदा. हर्षदा ढवळूदादाच्या पाड्याशेजारची. तिला त्याने परकरात पाहिलेली. त्यामुळे तिच्यावर त्याचा माहेरच्या माणसाचा हक्क.

माघ लागला तशी हर्षदाला नोकरी चालून आली, आणि तीही घरबसल्या. नाशिकचे डॉक्टर मोखाड्यापलीकडच्या पाड्यांवरच्या रोग्यांना इंटरनेटवरून तपासायचे. पण रोग्याची बोली डॉक्टरांना कळेना आणि डॉक्टरांचं मराठी रोग्याला. 'पोटात कळ येते' हे सांगायला म्हातारी माणसं दहा शब्द वापरत आणि त्यातला एक डॉक्टरांच्या ओळखीचा नसे. मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगायला बाई हवी होती. हर्षदाच्या तोंडी दोन्ही बोल्या लहानपणापासूनच्या.

अट मात्र एक होती. पहिला महिना परीक्षेचा. अठ्ठावीस तारखेला डॉक्टरीणबाई स्वतः बसून बघणार. त्या दिवशी घरची लाइन दहा एमबीपीएसच्या वेगाखाली गेली, किंवा मध्येच तुटली, तर घरून काम बंद. मग नाशिकच्या कचेरीत जाऊन बसायचं, तिथेच खोली घेऊन राहायचं.

"आणि आईंना कुठे ठेवू?" हर्षदा ढवळूदादाला म्हणाली. "घाटातली वळणं त्यांच्या कमरेला सोसायची नाहीत. आणि इथे एकट्या राहिल्या तर पाणी कोण देईल?"

"मी काय मडकं हाये का, पाणी भरून ठेवायला?" आतून कमूआजी ओरडली. पण आवाज नेहमीसारखा चढला नव्हता.

ढवळूदादाने छातीवर हात ठेवला. "बाय, तुझी लाइन मी सांभाळीन. रोज येऊन बघून जाईन. हा ढवळूचा शब्द."

लाइन तशी चांगली होती. चौकातल्या कंपनीच्या हिरव्या खोक्यापर्यंत काचेची नवी तार, म्हणजे फायबर, आलेली. तिथून आळीत मात्र जुनी तांब्याचीच, कारण गटाराच्या कामामुळे नवी पुरायला परवानगी मिळेना. वीज जाते म्हणून हेमंतने मोडेमला छोटी बॅटरी बसवली होती. मोडेम देवघराशेजारच्या फळीवर, घरात उंच आणि कोरडी जागा तेवढीच. पहिल्या दिवशी वेग बावीस. हर्षदाने देवापुढे साखर ठेवली.

ढवळूदादा शब्दाला जागला. रोज सकाळी पावणेसातला, चहाच्या टपरीवर जायच्या आधी, तो कमूआजीच्या घरी हजर. वहाणा काढायचा, पाय धुवायचा, देवाला हात जोडायचा आणि फळीपाशी जाऊन पिन काढून फुंकर. तीनदा. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास पुन्हा. बिघाड नव्हता काही. पण बिघाड झाल्यावर धावणं हे काय काम झालं? तो होऊच नये म्हणून आधीच करावं, असा त्याचा हिशेब.

सहाव्या दिवशी वेग सोळावर आला.

"असं कसं?" म्हणून त्याने फुंकर जरा जास्त मन लावून मारली. नवव्या दिवशी अकरा. ढवळूदादाने खांबापासून घरापर्यंतची तार नवी ओढली. सगळे जोड उघडले, घासले, पुन्हा बांधले. बाराव्या दिवशी आठ. त्या दिवशी एका म्हाताऱ्याचं तोंड पडद्यावर उघडं राहिलं ते उघडंच. हर्षदा इकडून "बोला बाबा, बोला" म्हणतेय आणि बाबा चित्रासारखे स्तब्ध.

"दादा, काय करायचं?" तिचा चेहरा उतरला. रात्रीच तिने हळूच नाशिकच्या खोल्यांची चौकशी केली होती, आणि ते कमूआजीला कळलं होतं. त्या सकाळी पूजेला फुलं वाहताना आजीने दोनदा देवाचं नाव चुकवलं.

ढवळूदादाने ठाण्याला कंपनीत फोन लावला. तिथल्या कचेरीत तुषार नावाचा पोरगेला साहेब बसतो, सगळ्या लाइनी त्याला पडद्यावर दिसतात.

"मामा, तार तर मस्त आहे," तुषार म्हणाला. "पण लाइन सारखी तुटतेय. रोज सकाळी पावणेसातच्या सुमारास तीनदा, संध्याकाळी साडेसहाला तीनदा. घड्याळ लावून तुटते म्हणा ना!"

"तुटली म्हणून वेग कसा काय कमी होतो, सायेब? तुटली तर जोडायची."

"मामा, इथे एक यंत्रणा बसवलीय. ती प्रत्येक लाइनवर दिवसरात्र नजर ठेवते, किती वेळा तुटली ते मोजते. सारखी तुटायला लागली की ती समजते, तारेला एवढा वेग झेपत नाही. मग वेग कमी करते. हळू चाल, पण पडू नकोस, असं."

"म्हंजे बैल ठेचकाळला की आपण कासरा ओढतो, तसं."

"अगदी तसं. आणि बैल काही दिवस नीट चालला की हळूहळू सैल सोडते. पण तुमच्याकडे कोणीतरी रोज त्या बैलाच्या पायात काठी घालतंय. तो कोण, ते शोधा."

झालं. ढवळूदादाच्या डोक्यात सकाळ-संध्याकाळ ही वेळ घोळायला लागली. सकाळी पावणेसातला आळीत काय सुरू होतं? कोपऱ्यावरची रघुची पिठाची गिरणी! तिच्या मोटारीने पूर्वी फोनमध्ये गुरगुर यायची. तो तडक रघुकडे गेला.

"उद्या सकाळी गिरणी बंद ठेव."

"आणि लोकांनी काय आख्खी नाचणी चघळायची?"

"एक दिवस चघळतील. हर्षदाबायच्या पोटावर पाय देतोस तू."

"मी? अरे, मी पीठ देतो, पाय कशाला देऊ?" रघु चिडला, पण ऐकलं त्याने. दुसऱ्या दिवशी आठ वाजेपर्यंत गिरणी बंद. बायका डबे घेऊन उभ्या, रघु हात जोडून उभा. आणि लाइन तुटली ती तुटलीच, पावणेसातला, तीनदा. रघुने मग ढवळूदादाला जे ऐकवलं ते वहीत लिहिण्याजोगं नाही.

चौदावा दिवस. ढवळूदादाने ठरवलं, चोराला समोरासमोर धरायचा. सव्वासहालाच येऊन तो फळीसमोर स्टूल टाकून बसला. कानाला मोबाइल, पलीकडे सकाळपाळीचा तुषार. हर्षदा ओसरीत तारेकडे डोळे लावून. कमूआजी देवघरात चंदन उगाळत होती, पण कान इकडेच.

साडेसहा झाले. "काही नाही मामा, लाइन सरळ आहे." सहा चाळीस. "अजून काही नाही." पावणेसात झाले. माणूस नाही, माकड नाही. मोडेमचा हिरवा दिवा कसा शांत, समईच्या ज्योतीसारखा.

"आज नाय येत तो," ढवळूदादा म्हणाला. "मी बसलोय ते कळलं त्याला." देवघरात कमूआजीने घंटा वाजवली. घंटा ऐकून तो सवयीने उठला. "चला, तोवर आपलं काम तरी करून घेऊ." म्हणत त्याने पिन ओढली, फुंकर मारली, सदऱ्याला पुसली—

"मामा, पडली! आत्ता पडली!" तुषार फोनमध्ये ओरडला. "लवकर बघा, कोण आहे तिथे? काय झालं?"

"कोण नाय, सायेब. काय पण नाय झालं. मी इथंच हाये. मी तर नुसती फुंकर…"

आणि तो थांबला. एका हातात पिन, दुसऱ्या हातात फोन, तोंड अजून फुंकरीच्या आकारात. देवघरात कमूआजीने चंदनाची सहाण खाली ठेवली.

"हर्षदा, इकडे ये गं," कमूआजी म्हणाली. "चोर सापडला. पाय धुऊन, देवाच्या पाया पडून चोरी करतो मेला!"

ढवळूदादा मटकन स्टुलावर बसला. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. चौदा दिवस. जितकी काळजी जास्त, तितकी लाइन हळू. करायला गेला गणपती नि झाला मारुती. त्याने पिन जागेवर खोचली, एकदाच, आणि हर्षदाकडे बघायचं धाडस काही त्याला होईना.

"बाय, मला शिव्या दे."

हर्षदा ओसरीतून आत येऊन उभी होती. तिला राग आला होता, खरा राग. आठ दिवस तिला घास गोड लागला नव्हता. मग तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, पिना पुसून पुसून काळ्या पडलेल्या त्या टोकाकडे, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "तुमच्याइतकं माझ्या लाइनीसाठी कुणी केलं नसेल दादा," ती म्हणाली. "आता फक्त करू नका."

ढवळूदादाने तुषारला विनवलं, तिकडूनच कळ दाबून वेग वाढव म्हणून.

"जबरदस्तीने वाढवला आणि जरा कुठे तुटली, तर ती यंत्रणा पुन्हा खाली ओढेल, आणि मग लवकर विश्वास ठेवायची नाही," तुषार म्हणाला. "तिची तिला खात्री पटू द्या. दोन आठवडे कुणी हात लावू नका. पिन नाही, बटण नाही. बंद करून चालू करणंसुद्धा नाही."

दोन आठवडे. अठ्ठावीस तारखेला बरोब्बर दोनच आठवडे उरले होते.

त्या दिवशी ढवळूदादा पाड्यावर गेला तो तोंड पाडूनच. त्याची बायको चैती, जेवढी कामाला चपळ तेवढीच बोलायला. सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "नाचणीची रोपं शेतात आडवी टाकून येतो आपण. तीन दिवस मेल्यावाणी पडून असतात. तू काय दुसऱ्या दिशी जाऊन उपटून पाहतोस, मूळ धरलं का म्हून?"

"नाय."

"मंग? तारेची नाचणी समज."

समजलं त्याला, पण हाताला कोण समजावणार? तीस वर्षांची सवय. रोज सकाळी पावणेसातला त्याचे पाय आपसूक कमूआजीच्या दारात. चैतीचं नाचणीचं बोलणं त्याने पहिल्याच सकाळी आजीला सांगून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी वेग आठच. पाचव्या दिवशी आठच. "फक्त एकदा," तो म्हणाला. "तीनदा नाय. एकदाच."

कमूआजीने त्याला बाहेर घालवलं आणि एक युक्ती केली. देवाचा पाट तिने हर्षदाकरवी देवघरातून हलवला आणि बरोब्बर मोडेमच्या फळीखाली मांडला. वर लाल वस्त्र, देव, समोर समई. आता फळीला हात लावायचा तर पाट ओलांडायला हवा. आणि देवाचा पाट पायाने ओलांडेल, असा ढवळू नव्हता.

"देवाला राखणीला बसवलं मी," आजी म्हणाली. "त्याला पण काही काम हवं की. नुसता नैवेद्य खातो."

आठव्या दिवशी हर्षदाने मोबाइलवर वेग पाहिला आणि पुन्हा पाहिला. अकरा. काही न करता अकरा! दहाव्या दिवशी चौदा. ढवळूदादा रोज यायचा, पाय धुवायचा, पाटापुढे बसून देवाला हात जोडायचा आणि हात तसेच जोडलेले ठेवायचा, सुटले तर काय करतील याचा भरवसा नव्हता म्हणून.

अठ्ठावीस तारीख उजाडली. दहा वाजता नाशिकहून डॉक्टर वर्षाताई पडद्यावर आल्या. दुसऱ्या चौकटीत मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावरची फागी, साठीची बाई, छातीत धडधडतं म्हणून आलेली. तिसऱ्या चौकटीत हर्षदा. ढवळूदादा दाराच्या चौकटीत उभा, आणि त्याची चौकट पडद्यावर नव्हती तेच बरं, कारण घाम त्यालाच फुटला होता.

फागी सांगू लागली. रात्री उशाला हात घेऊन पडलं की छातीत कुणी जातं फिरवतं, असं काही तिच्या बोलीत. हर्षदा डॉक्टरांना समजावत होती. आणि मध्येच फागीचं चित्र फुटलं. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, आवाज पाण्यात बुडाल्यासारखा. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा.

ढवळूदादाचा हात पुढे झालाच. त्याने दोन पावलं टाकली, तिसरं उचललं, आणि समोर पाट. समईची ज्योत त्याच्या चाहुलीने हलली. पाय तसाच हवेत राहिला. मागून कमूआजीने काठीचा आकडा त्याच्या सदऱ्यात अडकवला आणि दातओठ खाऊन पुटपुटली, "नाचणी उपटू नको, ढवळ्या."

त्याने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा समोर बिघाड असताना तो काही न करता उभा राहिला. मनात फक्त गावदेवाचं नाव.

"आं! दिसली गं बाय, दिसली!" पडद्यातून फागीचा आवाज आला, खणखणीत. "मघा तुझं तोंड काय झालेलं? गोधडीवाणी!"

डॉक्टर वर्षाताई हसल्या. ढवळूदादाने एक डोळा उघडला. हिरवा दिवा समईच्या ज्योतीशेजारी गुमान तेवत होता. पाऊण तास बोलणं चाललं, आणि फागीला मोखाड्याला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगून, गोळीचं नाव तीनदा म्हणवून घेऊन संपलं. मग वर्षाताई म्हणाल्या, "क्षणभर चित्र फुटलं, पण लाइन तुटली नाही, वेगही आमच्या अटीपेक्षा जास्त आहे. हर्षदाताई, तुम्ही घरूनच काम करा. सोमवारपासून पक्कं."

हर्षदाने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कमूआजीचा जीव भांड्यात पडला. तिने ते दाखवलं मात्र नाही. "आता तरी खोल्या बघायचं बंद कर," एवढंच म्हणाली आणि नाक पुसलं. मग देवापुढे गुळाचा खडा ठेवला, दुसरा सुनेच्या हातावर आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, ढवळूदादाच्या.

"घे. राखणदाराचा मान."

"आजी, पाटाला द्या. त्यानंच अडवलं."

"त्याला दिलाय. हा, पाय मागे घेतलास त्याचा."

त्या संध्याकाळी तो उजेड असतानाच पाड्यावर पोचला. अंगणात बसला आणि पाय पसरले. चैती रोज विचारते तसंच तिने आजही विचारलं, "आज काय काय काम केलं?" आणि तो रोज सांगतो, एवढे खांब, एवढे जोड, एवढ्या घरी फुंकर.

"आज काय पण नाय केलं," ढवळूदादा म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसला.

चैतीने त्याच्या घामाने भिजून वाळलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. "मंग एवढा दमलास कशानं?"